पावसात न भिजणारे पंख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी विषय सांगितला, तेव्हा एक शेजारीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, किड्यांच्या पंखांशी आपल्याला काय करायचे आहे?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे. विज्ञान शिकणाऱ्या माझ्या मुलीला विचारून विचारून आणि तिच्याकडून वाचून घेऊन मी हे समजून घेतले आहे.

अळूवडीसाठी आपण पाने धुतो, तेव्हा नळाखाली धरले तरी पान ओले होत नाही. पाण्याचे मोती होतात आणि टपकन घरंगळतात. म्हणून तर क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो. फुलपाखराच्या, चतुराच्या आणि झाडावर बसून किर्र ओरडणाऱ्या सिकाड्याच्या पंखावर पाणी असेच ठरत नाही.

ठरले तर काय होईल? आपल्या साडीचा पदर भिजला तर तो जड होतो, एवढेच. फुलपाखराचे सारे अंग मात्र पंखांच्या मानाने काडीएवढे. पंखावर पाणी साचले, तर ते उडणार कसे? ओले पंख एकमेकांना चिकटले, तर पाखरू जागच्या जागी अडकते आणि मुंग्यांच्या नाही तर पक्ष्याच्या तोंडी जाते. म्हणजे पंख कोरडा राहणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता कोणी म्हणेल, पंखाला मेण असेल, म्हणून पाणी ओघळते. मेण असते, हे खरे. पण नुसत्या मेणाने भागत नाही. देवापुढच्या गुळगुळीत मेणबत्तीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो अर्ध्या चेंडूसारखा बसून राहतो. पंखावर तो जवळजवळ पुरता गोल होतो आणि जरा कलते झाले की पळतो. हा फरक पंखाच्या पोतामुळे पडतो. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले बारीक खवले असतात आणि प्रत्येक खवल्यावर रेघा असतात. आपण फुलपाखरू चिमटीत धरल्यावर बोटांना जी भुकटी लागते, ते हे खवले. ते गेले की पुन्हा उगवत नाहीत. सिकाड्याच्या पंखावर सूक्ष्म खुंट्यांची दाट रांगोळी असते. काही जातींत या खुंट्यांची उंची एका मिलिमीटरच्या सुमारे 5,000 व्या हिश्श्याएवढी असते. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत; त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

थेंब या खुंट्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली मधल्या जागेत हवा कोंडून राहते. धनगराच्या घोंगडीवर पावसाची भुरभुर लोकरीच्या टोकांवरच राहते, तसे समजा. थेंबाला पंखाचा स्पर्श होतो तो टोकापुरता. बाकी तो हवेवरच बसलेला असतो. मग धरून ठेवणार कोण?

यातच सफाईही होते. धुळीचा कणही या टोकांवर नुसता टेकलेला असतो. घरंगळणारा थेंब त्याला उचलून नेतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी यांनी कमळाच्या पानाचा हा गुण 1997 साली सविस्तर मांडला. त्याआधी 1996 साली त्यांनी 97 जातींच्या कीटकांचे पंख तपासले होते. त्यांत एक गोष्ट दिसली, ती मला फार आवडली. माशी बसल्या बसल्या पायांनी पंख पुसते, हे आपण रोज पाहतो. ज्यांचे पंख अंगाच्या मानाने मोठे आणि पाय सगळीकडे पोहोचत नाहीत, त्या फुलपाखरे, चतुर यांच्यासारख्या कीटकांचे पंख पाण्याला सर्वांत कमी धरतात. ज्याला हाताने झाडलोट करता येत नाही, त्याचे घर आपोआप झाडले जाईल अशी सोय झालेली आहे!

पाऊस नसला तरीही काम चालते. पंखावर दव धरले की दोन इवले थेंब एकमेकांत मिसळतात आणि मिसळताच टुणकन उडून जातात. जाताना कचरा घेऊन जातात. सिकाड्याच्या पंखावरचे हे संशोधन 2013 साली प्रसिद्ध झाले.

याहून नवल पुढेच आहे. 2012 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की, सिकाड्याच्या पंखावर बसलेले काही रोगजंतू थोड्या मिनिटांत मरतात. तिथे औषध नाही, विष नाही. त्या खुंट्यांवर जंतूचे पातळ आवरण ताणले जाते आणि फाटते. जाड आवरणाचे जंतू सिकाड्याच्या पंखावर तगतात. पण चतुराच्या पंखावर तेही मरतात, असे 2013 साली दिसून आले. अशा पोताचे पृष्ठभाग बनवून इस्पितळातील साधनांवर जंतू वाढू नयेत, यासाठी आज प्रयत्न चालू आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेली आहे, ती हे ऐकून नुसते नवल करणार नाही. तिला त्याचे मोल कळेल.

आता शेजारीणबाईंच्या प्रश्नाकडे येते. या साऱ्या कारागिरीचा एक शत्रू आपल्या मोरीत बसलेला आहे. तो म्हणजे साबण. पाण्याला गोल राहण्याची जी ओढ असते, ती साबण सैल करतो. मग पाणी खुंट्यांच्या मधल्या फटींत शिरते, हवा निघून जाते आणि पंख भिजतो. तळ्यावर लांब पायांनी घसरत चालणारा किडा तुम्ही पाहिला असेल. पायांवरच्या बारीक केसांत हवा धरून तो पाण्यावर उभा राहतो. साबणाच्या पाण्यात तो बुडतो.

आपल्या वस्तीमागच्या तळ्याच्या काठी कपडे धुतले जातात आणि फेसाचे पाणी तसेच आत सोडले जाते. त्याच तळ्यात चतुराची पिले वाढतात. ती डासांच्या अळ्या खातात आणि मोठे झालेले चतुर उडते डास धरतात. दरवर्षी डेंग्यूच्या तापाने आपली मुले अंथरुणाला खिळतात, तेव्हा आपण चतुराला परका समजावे काय?

म्हणून माझी मंडळाला तीन मागणी आहेत. एक, कपड्यांचे पाणी तळ्यात न सोडता दूर जमिनीत मुरवावे. त्यासाठी काठापासून अंतरावर एक धोबीकट्टा बांधण्याचा ठराव आज करावा. दोन, झाडांवर मावा पडला की साबणाचे पाणी सगळ्या झाडावर न शिंपडता, सायंकाळी, फुलपाखरे बसलेली नाहीत असे पाहून, किडलेल्या शेंड्यापुरतेच शिंपडावे. तीन, आपली मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवतात. त्यांना रागावण्याऐवजी जवळ घ्यावे आणि थेंब पंखावरून कसा घरंगळतो, ते दाखवावे. एकदा पाहिले की दोरा बांधायला हात धजणार नाही.

भगिनींनो, आपण आयुष्यभर घासतो, पुसतो, वाळत घालतो. स्वच्छता म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच विषाशिवाय स्वच्छ राहणाऱ्या या पंखांची किंमत आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावी. ठरावावर हात वर करताना एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी माझे भाषण पुरे करते.