मेरी जेनचा पुसलेला संसार

मुलांच्या हातातलं स्पायडरमॅनचं कॉमिक आपण सहसा उघडत नाही. आज उघडू या, कारण त्यात एका बाईचा संसार हरवलाय.

अमेरिकेत १९६२ साली स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, पहिल्यांदा छापून आला, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. त्याचे वाचक आजोबा झाले, पीटर अजून तरुणच. अंक निघत राहणार, पण नायकाचं वय वाढू द्यायचं नाही. मग मागची गोष्ट पुढच्या गोष्टीशी जुळत नाही.

१९८७ साली पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं. न्यूयॉर्कच्या बेसबॉल मैदानावर प्रेक्षकांसमोर कलाकारांनी तो सोहळाही केला. पण लग्न झालेला नायक पोक्त वाटतो, असं पुढे मुख्य संपादक झालेल्या जो केसाडा यांचं मत. २००७ सालच्या कथेत मे काकूला गोळी लागली. तिचा जीव वाचवायला दोघांनी मेफिस्टो नावाच्या सैतानाला आपलं लग्नच देऊन टाकलं. मग ते लग्न कधी झालंच नव्हतं, असं ठरलं.

नायक तरुण राहावा म्हणून बायकोची २० वर्षं खोडायची, हे आम्हांला पटत नाही. जुने अंक अजून लोकांच्या कपाटात आहेत. उद्या मुलांनी विचारलं, तर आपण सांगू या: लग्न झालं होतं, आणि छापूनही आलं होतं.