सामना सातासमुद्रांपलीकडे, वाद चाळींत

क्रिकेटचा सामना मैदानावर बसून पाहणारा मनुष्य बहुधा अबोल असतो. डोळ्यांना काम असलें म्हणजे जिभेला विश्रांति मिळते. परंतु तोच सामना हजारों मैलांवर चालला असून त्याची वार्ता तेवढी कानांवर पडत असली, कीं त्याच मनुष्याच्या वाणीला असा कांहीं बहर येतो कीं विचारूं नये! जें डोळ्यांनीं दिसत नाहीं तें सर्व त्याला स्वच्छ दिसूं लागतें. चेंडू किती वळला, कर्णधारानें कोणता गडी कोठें उभा करावयास हवा होता, पंचांची दृष्टि कशी अधू झाली आहे, हें सारें तो गिरगांवांतल्या बाकावर बसून छातीठोकपणें सांगतो; आणि शेजारीं बसलेला दुसरा मनुष्य तितक्याच खात्रीनें त्याच्या उलट सांगतो. परदेशांतील कसोटी सामन्याची खरी मौज या दुसऱ्या मनुष्यांत आहे. एकट्यानें ऐकलेला सामना म्हणजे मीठ विसरलेलें पिठलें.

१९३२ सालच्या जून महिन्यांत लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालीं भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां येथल्या रसिकांना मुख्य आधार वर्तमानपत्राचा. दोन बोटें रुंदीच्या त्या रकान्यावर अख्खा दिवस वाद चाले. अमुक गडी त्रिफळाचीत झाला एवढेंच छापलेलें असे. तो चेंडू कसा होता याचें वर्णन ज्यानें त्यानें आपल्या मगदुराप्रमाणें करावें. पुढें लघुलहरींवरून बी. बी. सी. चें समालोचन ऐकूं येऊं लागलें. तो आवाज भरतीच्या लाटेसारखा येई आणि तसाच ओसरे. कोणी तरी बाद झाल्याचा गलका ऐकूं यावा आणि कोण बाद झालें हें कळण्यापूर्वींच खरखर सुरू व्हावी, हा प्रसंग ज्यांनीं अनुभविला आहे त्यांना त्या अर्ध्या मिनिटाची किंमत निराळी सांगावयास नको. तेवढ्या अवकाशांत चाळींतील जाणकार तीन निरनिराळे फलंदाज बाद करून मोकळे होत.

या सर्व इतिहासांत १९७१ सालच्या ऑगस्ट महिन्याचें स्थान कांहीं निराळेंच आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडींचें कर्णधारपद गेलें आणि तें अजित वाडेकर यांच्याकडे आलें. त्या एका मतानें मुंबईंतील प्रत्येक गॅलरीची फाळणी केली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्यें जाऊन मालिका जिंकून आला; मडगांवांत जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनीं त्या मालिकेंत ६४२ धांवा काढल्या, आणि चिखलवाडींतील सुनील गावसकर या नवख्या मुलानें चारच सामन्यांत ७७४. तरी पतौडीपक्षीय मंडळी कांहीं शरण येईनात.

"वेस्ट इंडीजचा संघ म्हातारा झाला होता हो! इंग्लंडांत जाऊं द्या, मग पाहूं."

"तुमचे नबाबसाहेब १९६७ सालीं तेथेंच तिन्ही सामने हरून आले, तेव्हां कोणाच्या तारुण्याला दृष्ट लागली होती?"

हा संवाद महिनाभर रोज झाला, आणि रोज तो नवाच असल्यासारखा उभय पक्षांनीं केला.

या दोन पक्षांखेरीज जवळ जवळ प्रत्येक चाळींत एक तिसरा पक्षहि असे, आणि त्यांत सभासद एकच. तो म्हणजे सेवानिवृत्त झालेला, हातांत पानाचा डबा असलेला एखादा वृद्ध गृहस्थ. त्याचा पक्ष पराभवाचा. त्याला दोषहि देतां येत नाहीं. कारण १९३२ पासून इंग्लंडच्या भूमीवर भारत तोंवर २१ कसोटी सामने खेळला होता, त्यांतले १५ हरला होता, ६ अनिर्णित राहिले होते, आणि विजय एकहि नव्हता. मुलांनीं मुद्दाम जाऊन विचारावें, "आजोबा, या खेपेस जिंकणार कीं नाहीं, बोला!" आणि आजोबांनीं पान चघळीत सांगावें, "बाळ, १९५२ सालीं लीड्सला आपले दुसऱ्या डावांतले पहिले चार गडी शून्यावर गेले. शून्यावर! तो आंकडा वाचून तुझ्या आजीनें मला विचारलें, अहो, छापखान्याची चूक तर नसेल?" मग पैज लागे. पैज पेढ्यांची, आणि आजोबा नेहमीं पराभवाच्या बाजूनें. या पैजेंतलें शहाणपण तरुणांच्या लक्षांत येत नसे. संघ हरला तर निदान पेढे मिळावेत, एवढी तजवीज म्हाताऱ्यानें स्वतःच्या दुःखासाठीं करून ठेवलेली असे.

त्या दौऱ्यांतला पहिला सामना लॉर्ड्सवर झाला. विजयाला १८३ धांवा हव्या असतां ८ बाद १४५ वर पावसानें खेळ थांबला. पावसानें आपला विजय हिरावून नेला कीं आपली अब्रू वांचविली, यावर दुसरा सामना सुरू होईपर्यंत एकमत झालें नाहीं. मँचेस्टरला मात्र पाऊसच तारक ठरला, हें दोन्ही पक्षांनीं खासगींत मान्य केलें.

तिसरा सामना ता. १९ ऑगस्टला ओव्हलवर सुरू झाला. इंग्लंडच्या ३५५ धांवा. दुसरा दिवस पावसांत गेला. आणि भारताचा डाव २८४ वर आटोपला. पिछाडी ७१ धांवांची. सोमवार ता. २३ रोजीं कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झालेला होता, आणि आजोबांनीं पेढे कोठून आणावयाचे तें दुकानहि सांगून टाकलें होतें. त्यानंतरच्या दोन-तीन तासांत जें घडलें तें सर्वांना ठाऊक आहे. तरी पुनः सांगण्यासारखें आहे. बालपणीं पोलिओनें ज्याचा उजवा हात क्षीण केला, त्याच हातानें भागवत चंद्रशेखर चेंडू टाकीत होता. ल्यूकहर्स्टनें समोर मारलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून पलीकडच्या यष्टीवर गेला आणि धांवेसाठीं पुढें आलेला जेमिसन धांवबाद झाला.

"हें काय कौशल्य? हा तर निव्वळ योगायोग!"

"योगायोग तर योगायोग. आजवर तो त्यांच्याकडे चाकरीला होता, आज आपल्याकडे आला."

पाठोपाठ एडरिच शून्यावर त्रिफळाचीत झाला. याविषयींची हकीकत मागाहून प्रसिद्ध झाली. त्या वर्षाची डर्बी शर्यत 'मिल रीफ' नांवाच्या घोड्यानें जिंकली होती. एडरिच खेळावयास येतांच सरदेसायांनीं चंद्रशेखरला हांक मारून सांगितलें, कीं याला 'मिल रीफ' टाक. म्हणजे आपला जलद चेंडू. बिचाऱ्या एडरिचची बॅट खालीं येण्यापूर्वींच यष्टी उडाली! चाळींत जी थट्टा चालली होती तिचें मूळपीठ मैदानावरच होतें, हें यावरून दिसून येईल. त्यापुढच्याच चेंडूवर फ्लेचर सोलकरच्या हातीं सांपडला, आणि उपाहाराला इंग्लंडची स्थिति ३ बाद २४ अशी झाली. पुढें नॉटचा झेल एकनाथ सोलकरनें बॅटीच्या अगदीं तोंडाशीं झेंप घेऊन पकडला. सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. त्याच मैदानावरच्या झोंपडींत हा मुलगा वाढला. जमिनीशीं त्याची ओळख जुनी होती. इंग्लंडचा डाव १०१ धांवांत संपला. चंद्रशेखरचे ३८ धांवांत ६ बळी. विजयाला १७३ धांवा हव्या. रात्रीं खेळ थांबला तेव्हां २ बाद ७६. वाडेकर ४५ वर नाबाद. आजोबा निजावयास जातांना एवढेंच म्हणाले, "अजून ९७ आहेत."

दुसरा दिवस गणेश चतुर्थीचा. लंडनच्या मंडळींनीं चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांतून बेला नांवाची हत्तीण ओव्हलवर आणली होती, ती त्याच निमित्तानें. येथें घरोघरीं मूर्तीची स्थापना झालेली, मोदकांचीं जेवणें आटोपलेलीं, आणि दुपारीं चारच्या सुमारास ट्रांझिस्टर गणपतीच्या मखराशेजारीं येऊन बसलेला. पहिल्याच मिनिटांत घात झाला. एकहि धांव न वाढवितां वाडेकर धांवबाद! आतां खरें पाहतां पतौडीपक्षाचा हा दिवस; इतक्या महिन्यांचें उट्टें एका वाक्यांत काढतां आलें असतें. परंतु त्या पक्षाचा म्होरक्या तोंड उघडून तसाच थांबला, आणि त्यानें ट्रांझिस्टरची कळ थोडी फिरविली. थट्टेला कोणत्या क्षणीं विश्रांति द्यावी हें ज्याला कळतें तोच खरा थट्टेखोर. बाकीचे नुसते तोंडाळ. तिकडे खुद्द वाडेकर तंबूंत जाऊन चक्क झोंपी गेले होते, हें मागाहून कळलें तेव्हां त्याच गृहस्थानें त्यावर मनसोक्त बोलून घेतलें.

मग सरदेसाई आणि विश्वनाथ यांची ती संथ, जीवघेणी फलंदाजी. चाळींतल्या मंडळींनीं एकेक जागा धरली आणि ती सोडण्यास बंदी झाली. एक मुलगा पाणी पिण्यास उठला असतां सरदेसाई बाद झाले. त्याला परत त्याच पाटावर बसवून दटावण्यांत आलें. १२४ वर सरदेसाई गेले, १३४ वर सोलकर. इतक्यांत दिवेलागण झाली आणि आंतून निरोप आला, कीं आरतीची वेळ टळत आहे.

"देवाला ताटकळत ठेवतां? लाज कशी वाटत नाहीं?"

"काकू, देव ताटकळलेला नाहीं. तोहि ऐकतो आहे. इकडे कान बघा त्याचे!"

या उत्तरापुढें काकूंचें कांहीं चाललें नाहीं. त्याहि उंबऱ्याशीं येऊन उभ्या राहिल्या. तीन धांवा उरल्या असतां विश्वनाथ बाद झाला. कोणीच कांहीं बोललें नाहीं. लगेच आबिद अलीनें चौकार मारला आणि पुढचें समालोचन कोणाला ऐकूं आलें नाहीं. झांजा कोणी उचलल्या हेंहि सांगतां येणार नाहीं. ४ गडी राखून विजय, इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला. आरती आटोपल्यावर मुलांनीं आजोबांना घेरून पेढ्यांची मागणी केली. आजोबा डोळे पुसून म्हणाले, "उद्यांचें वर्तमानपत्र येऊं द्या. मग पाहूं."

येथेंच थांबावें असा मोह होतो. परंतु विषयाची दुसरी बाजू टाळून चालणार नाहीं. तीन वर्षांनीं, जून १९७४ मध्यें, याच वाडेकरांचा संघ लॉर्ड्सवर ४२ धांवांत बाद झाला आणि मालिका तीन-शून्य अशी गेली. ज्या मुंबईनें त्यांच्यावर फुलें उधळलीं होतीं त्याच मुंबईंत त्यांच्या घरावर दगड पडले. त्यांनीं निवृत्ति पत्करली. दगड मारणारे कोण होते याची नोंद कोठें नाहीं. पण ते आजोबांच्या पक्षाचे खास नसावेत. ज्यानें चाळीस वर्षें पराभवाशीं रोज दोन शब्द बोलून सलोखा ठेवला, त्याला ४२ या आंकड्याचा धक्का बसला तरी राग येण्याचें कारण नव्हतें. विजयाची संवय तीनच वर्षांत लागली ती नव्या भक्तांना. जे सामना चालू असतां कर्णधाराची यथेच्छ टवाळी करतात त्यांच्याकडून कर्णधाराला सहसा धोका नसतो. धोका असतो तो टवाळी मुळींच सहन न करणाऱ्या पूजकांकडून.

ता. १९ डिसेंबर २०२० रोजीं ॲडिलेडला भारताचा डाव ३६ धांवांत आटोपला, तेव्हां हा ४२ चा आंकडाहि मागें पडला. आतां चाळींच्या जागीं मनोरे उभे आहेत आणि बाकाची जागा हातांतल्या फोननें घेतली आहे. त्या दिवशीं अकरा फलंदाजांच्या धांवा ४, ९, २, ०, ४, ०, ८, ४, ०, ४, १ अशा ओळीनें मांडून लोक एकमेकांना कळवीत होते, कीं हा कोणाचा दूरध्वनि-क्रमांक आहे तें पाहावें. दहाच दिवसांनीं अजिंक्य रहाणे याच्या नेतृत्वाखालीं मेलबर्नचा सामना जिंकल्यावर त्याच लोकांनीं एकमेकांना विचारलें, कीं त्या क्रमांकावर कोणी फोन केला होता काय.