जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक उभा राहावा, हे काहींना विजोड वाटले असेल. माझे बोलणे मात्र अखेर त्यांच्याच विषयापाशी येणार आहे.

आपल्या गुजरातेत दहावीनंतर विज्ञानशाखेचा विद्यार्थी ‘बी ग्रुप’ घेतो, तेव्हा त्याचे गणित सुटते. वैद्यकीय प्रवेश हुकला की तोच बी.एस्सी.ला येतो. मुख्य विषय जीवशास्त्र ठरतो. परंतु जोडविषय कोणता, हा प्रश्न प्रवेशाच्या रांगेत उभ्याउभ्या, शेजारच्या मित्राला विचारून सुटतो. कसोटी एकच : गुण कोठे सहज मिळतील? नव्या शैक्षणिक धोरणाने निवडीला वाव वाढविला, तशी ही पळवाटही रुंदावली.

तिची किंमत पुढे मोजावी लागते. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने दोन जागांवरील एकाच जातीच्या झाडांची शेकडो पाने मोजून आणली. मोजणी निर्दोष होती. दोन्ही सरासरींत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, असे मी विचारले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. दोष तिचा नव्हता. पहिल्या वर्षी संख्याशास्त्र घे, असे तिला आम्हा शिक्षकांपैकी कोणी सांगितलेच नव्हते.

मेंडेलची गोष्ट आपण सारे शिकलो. तो १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र व गणितही शिकला होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. त्याच्या वाटाण्यांत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. संकर करणारे त्याच्या आधीही होते. दाणे मोजून त्यांतील तीनास एक हे प्रमाण ओळखणारा तो निघाला. १८६६ साली छापलेल्या त्या निबंधाचे मोल जगाला १९०० साली कळले!

दुसरे उदाहरण तर आपल्या बडोद्याचेच. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळविल्यावर ते जीवशास्त्र शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो रसायनशास्त्राचा. शास्त्रांमधील भिंती किती पातळ आहेत, पाहा.

तेव्हा रसायनशास्त्राविषयी वाद नको, ते घ्यावेच. पेशीतील प्रत्येक घडामोड त्याच भाषेत लिहिलेली आहे. त्याच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा प्राथमिक गणित घ्यावे. दहावीनंतर सुटलेले गणित पहिल्या सत्रात जड जाईल, गुणही थोडे कमी पडतील, ते सोसावे. संगणकाची आज्ञावली लिहिता आली तर उत्तमच, कारण जनुकांची माहिती आता वहीत मावत नाही. मात्र एकाच सत्रात तीन प्रयोगशाळा अंगावर घेऊ नयेत. जर्नले पुरी करण्यातच रात्री जातात आणि वाचन राहते. हे मी अनुभवाने सांगतो. माझी स्वतःची जर्नले कधी वेळेवर पुरी झाली नाहीत.

पालकांना एक विनंती. ‘डॉक्टर झाला नाही’ हे वाक्य घरात निदान पहिले वर्षभर उच्चारू नये. हरल्याच्या भावनेने आलेला मुलगा अवघड विषयाला हात घालीत नाही.

आणि रांगेत घाईने भरलेला विषय चुकला असे वाटले, तर स्वस्थ बसू नका. काही महाविद्यालयांत सत्राच्या आरंभी विषय बदलून मिळतो. मुदत थोडीच असते. कार्यालयात जाऊन ती पहिल्याच आठवड्यात विचारावी.