मक्याच्या दाण्यातले रेणू
(स्वागताध्यक्षीय भाषण, देवपूर, धुळे)



आमना खान्देशमा तुमनं सगळासनं स्वागत शे!

आपल्यापैकी कुणी चाळीसगावला गाडी बदलून आले, कुणी मुंबई-आग्रा महामार्गाने रात्रभर बसने आले. पांझरेपलीकडचे हे देवपूर म्हणजे धुळ्याचा शाळा-महाविद्यालयांचा भाग. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये याच शहरात निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथे जुनी कागदपत्रे सांभाळत उभे आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सत्रांमधून सवड काढून राजवाडे मंडळ जरूर पाहावे, अशी माझी विनंती आहे.

माझे आयुष्य याच परिसरात रसायनशास्त्र शिकवण्यात गेले. त्यामुळे स्वागताच्या चार शब्दांबरोबरच, दाट फांद्यांचे रेणू आणि सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र या परिषदेच्या दोन विषयांकडून खान्देशला काय हवे आहे, हेही आज बोलणार आहे.

या विषयांचा इतिहास सांगताना आपण दूरच्या गावांची नावे घेतो. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन क्रियाशील गट असलेले रेणू एकमेकांना जोडत गेले तर फांद्यांवर फांद्या फुटत जातील, हे गणित पॉल फ्लोरी यांनी १९५२ मध्ये मांडले. १९७८ मध्ये बॉनमध्ये फ्रिट्झ फ्योग्टले यांनी टप्प्याटप्प्याने फांद्या वाढवण्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. १९८५ मध्ये डाऊ कंपनीतले डोनाल्ड टोमालिया यांनी असे पिढीमागून पिढी फांद्या फुटलेले रेणू, म्हणजे डेंड्रिमर, जगापुढे आणले. त्याच वर्षी न्यूकम यांचेही स्वतंत्र काम प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये हॉकर आणि फ्रेशे यांनी उलटी वाट दाखवली: आधी फांद्या तयार करायच्या आणि शेवटी त्या गाभ्याला जोडायच्या.

विद्यार्थ्यांसाठी टोमालियांचा पॅमॅम डेंड्रिमर थोडा उलगडून सांगतो. भाटाच्या वहीतली वंशावळ आठवा. मूळ पुरुष एक, त्याला चार मुलगे, प्रत्येकाला दोन, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. इथला मूळ पुरुष म्हणजे एथिलीनडायअमीन. त्याच्यावर मिथाइल अॅक्रिलेटची अभिक्रिया करायची, मग पुन्हा एथिलीनडायअमीनची. या दोन पायऱ्या झाल्या की एक पिढी पुरी होते. पृष्ठभागावरचे अमीन गट ४, ८, १६, ३२ असे दुपटीने वाढतात. पिढ्यांची मोजणी शून्यापासून धरली तर चौथ्या पिढीत ते ६४ होतात आणि रेणूचा व्यास साडेचार नॅनोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे एखाद्या प्रथिनाएवढा. दहाव्या पिढीत हिशेबाने ४०९६ गट व्हायला हवेत, पण तिथे पोहोचेपर्यंत पृष्ठभागावर इतकी दाटी होते की सगळ्या नव्या फांद्यांना जागा उरत नाही. ही मर्यादा द जेन यांनी १९८३ मध्येच हिशेबाने दाखवली होती.

या रेणूंकडून औषधशास्त्राने फार मोठी आशा बाळगली. पोटातल्या पोकळीत औषध, पृष्ठभागावर पेशी ओळखणारे गट, असे ते चित्र होते. ऑस्ट्रेलियातल्या स्टारफार्मा कंपनीने लायसिनपासून बनवलेला, पृष्ठभागावर ३२ गट असलेला डेंड्रिमर स्त्रियांच्या योनिमार्गाच्या संसर्गावरील जेलमध्ये वापरला आणि ते जेल बाजारात आले. तरीही चाळीस वर्षांच्या मानाने बाजारात पोहोचलेली उत्पादने थोडीच आहेत. धन प्रभार असलेला पृष्ठभाग लाल रक्तपेशी फोडतो, म्हणून त्यावर दुसरे गट चढवावे लागतात. प्रत्येक पिढीनंतर शुद्धीकरण, जास्तीचे अमीन काढून टाकणे आणि अर्धवट वाढलेल्या फांद्यांचे रेणू वेगळे करणे आलेच. हे काम सुंदर आहे, पण ते महाग प्रयोगशाळेचे काम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने आठव्या पिढीच्या मागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी वाट कोणती, हे शोधायला दोंडाईच्याला जावे. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावाला लोक मिरचीसाठी ओळखतात, पण तिथे मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखानाही आहे. मका कोमट पाण्यात सल्फर डायऑक्साइड घालून दीड-दोन दिवस भिजवतात, मऊ झालेला दाणा भरडतात, तेल असलेला अंकुर वेगळा करतात, कोंडा आणि ग्लुटेन काढतात. मागे राहते ते पांढरेशुभ्र स्टार्चचे दूध. मक्याच्या कोरड्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो, आणि त्या स्टार्चमध्ये साधारण तीन चतुर्थांश भाग असतो अमायलोपेक्टिनचा.

या परिषदेतल्या प्रत्येकाने अमायलोपेक्टिनकडे नव्या नजरेने पाहावे. लाखो ग्लुकोज एकमेकांना जोडलेले, आणि दर २४ ते ३० घटकांनंतर एक फांदी. आपल्या यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनमध्ये तर फांद्या आणखी दाट, दर ८ ते १२ घटकांनंतर. फांद्या जास्त म्हणजे टोके जास्त, आणि टोके जास्त म्हणजे धावताना, ओझे उचलताना एकाच वेळी शेकडो ठिकाणांहून ग्लुकोज मोकळे करता येते. फ्लोरींनी कागदावर जे मांडले आणि टोमालियांनी पिढ्यान्पिढ्या बांधले, ते वनस्पती आणि प्राणी कोट्यवधी वर्षे करत आले आहेत. आमच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर पोत्यांनी पडलेला हा अगदी स्वस्त असा दाट फांद्यांचा पॉलिमर आहे.

परिषदेचा दुसरा विषयही त्याच पोत्यात आहे. १८९१ मध्ये व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला जिवाणूंनी पचवलेल्या स्टार्चमधून वेगळेच स्फटिक मिळाले. पुढे ऑस्ट्रियाच्या शार्डिंगर यांनी ते तयार करणारा जिवाणू वेगळा केला. त्या जिवाणूचे विकर स्टार्चची मळसूत्री साखळी तोडते आणि तुकड्याची दोन्ही टोके जोडून कडे बनवते. सहा ग्लुकोजचे अल्फा, सातचे बीटा, आठचे गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन. फांद्या या विकराच्या आड येतात, म्हणून फांद्या तोडणारे दुसरे विकर वापरले की उत्पन्न वाढते. कड्याची बाहेरची बाजू पाण्याची आवड असणारी, आतली पोकळी तेलकट रेणूंना जागा देणारी. कोणताही सहसंयुज बंध न जुळवता यजमान रेणू पाहुण्या रेणूला पोटात घेतो. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राचे मूळ सूत्र इतकेच आहे. ज्याँ-मारी लेन, क्रॅम आणि पेडरसन यांना १९८७ चे नोबेल याच सूत्रासाठी मिळाले.

आता एक गोष्ट सांगतो, जी या सभागृहातल्या अनेक कुटुंबांना जवळची वाटेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, धुळे, जळगाव, नंदुरबार, सगळीकडे रेमडेसिविर या औषधासाठी माणसे रांगेत उभी होती. त्या औषधाचा नेमका किती उपयोग झाला, यावर पुढे वैद्यकात बराच वाद झाला. पण कुपीत होते काय, हे त्या रांगेतल्या कुणाला ठाऊक असेल? रेमडेसिविर पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून मूळ कंपनीच्या सूत्रात कोरड्या पावडरीच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषधाबरोबर ३ ग्रॅम सल्फोब्युटिल ईथर बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन असते. औषधाच्या तीसपट! म्हणजे त्या कुपीतली जवळजवळ सगळी पांढरी पूड स्टार्चच्या कुळातली होती. हे वाहक मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते इंजेक्शन देताना डॉक्टर जास्त विचार करत. मका आपल्या शेतात पिकत होता आणि त्याच्या कुळातल्या रेणूने भरलेल्या कुपीसाठी आपण रात्रभर जागत होतो. या दोन टोकांमधली जी लांबी आहे, ती ज्ञानाची आणि कारखानदारीची आहे. ती कमी करणे, हे आमच्या विद्यार्थ्यांचे काम आहे असे मी मानतो.

शस्त्रक्रियागृहातले उदाहरण तर याहून देखणे आहे. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी रोक्युरोनियम देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर त्याचा परिणाम लवकर उतरवायचा असतो. स्कॉटलंडमधल्या ऑर्गेनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कड्याला आठ लांब हात जोडले गेले. सुगामाडेक्स हे त्याचे नाव. ते रक्तात जाते, रोक्युरोनियमचा रेणू पोकळीत धरते आणि लघवीवाटे घेऊन जाते. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एका रेणूने दुसऱ्याला नुसते पोटात घ्यावे आणि रुग्णाचा श्वास पूर्ववत व्हावा, हे पाहिल्यावर विद्यार्थ्यांना या विषयाची वेगळी गोडी लावावी लागत नाही.

आपल्या मुलांनी हे रसायनशास्त्र हाताने केलेले आहे, फक्त त्यांना तसे कुणी सांगितले नाही. स्टार्चच्या द्रावणात आयोडीनचे दोन थेंब टाकले की निळा रंग येतो, हा प्रयोग खान्देशातल्या प्रत्येक शाळेत होतो. तो निळा रंग अमायलोजच्या मळसूत्रात आयोडीन ओळीने बसल्याचा असतो. अमायलोपेक्टिनमध्ये फांद्यांमुळे सलग मळसूत्र आखूड, म्हणून रंग तांबूस जांभळा. एकाच परीक्षानळीत परिषदेचे दोन्ही विषय दिसतात. अकरावीच्या वर्गात हे पाच मिनिटांत सांगता येते. ते सांगितले जावे, एवढाच माझा शिक्षकांकडे आग्रह आहे.

फिनॉल्फ्थॅलिनचा प्रयोगही असाच. आम्लारिधर्मी द्रावणातला तो गडद गुलाबी रंग, त्यात बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घातले की फिका होत जातो. रंग किती उतरला हे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजले की यजमान-पाहुणा जोडीचा बंधन स्थिरांक काढता येतो. हिगुची आणि कॉनर्स यांची १९६५ ची विद्राव्यता आलेखांची पद्धत घ्या. तिला लागते काय? हलवण्याचे यंत्र, गाळणी, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि चिकाटी. मोसंबीच्या रसातला कडवटपणा, हळदीतला पाण्यात न विरघळणारा कर्क्युमिन, कापसाच्या कापडाला जोडलेली सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मालातून बाजूला काढलेल्या कच्च्या केळ्यांचा स्टार्च: हे प्रश्न इथले आहेत, कच्चा माल इथला आहे आणि पहिली तीन चतुर्थांश मोजमापे इथल्या प्रयोगशाळेत होऊ शकतात. डेंड्रिमरचीच ओढ असेल त्यांनी हायपरब्रँच्ड पॉलिमरकडे वळावे. एकाच भांड्यात, एकाच पायरीत होणारे हे पदार्थ अचूक नसतात, पण स्वस्त असतात. सरळ साखळीच्या पॉलिमरपेक्षा त्यांची द्रावणे पातळ राहतात, म्हणून रंग आणि लेपांच्या उद्योगात द्रावक कमी लागतो.

चार्ल्स पेडरसन यांच्याबद्दल विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. ड्यूपाँट कंपनीत ते वेगळ्याच संयुगाच्या मागे होते. हाती आलेल्या चिकट पदार्थात अर्ध्या टक्क्याहूनही कमी असे पांढरे स्फटिक दिसले. ते त्यांनी अशुद्धी म्हणून फेकले नाहीत, त्यांची चौकशी केली. पोटॅशियमला मध्यभागी धरून ठेवणारा क्राउन ईथर तो हाच. १९६७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि वीस वर्षांनी त्यावर नोबेल मिळाले. आपल्या प्रयोगवहीत नको असलेल्या पदार्थालाही एक ओळ द्या.

पाहुण्यांपुढे आता आमची अडचण मोकळेपणाने मांडतो. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले, ज्याला आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. तेव्हापासून खान्देशातल्या मुलांना संशोधनासाठी पुण्याची वाट धरावीच लागते असे राहिलेले नाही. तरीही पाहुणा रेणू खरोखर पोकळीत बसला की बाहेरच चिकटला, हे सिद्ध करायला एनएमआर लागतो. पोकळीच्या आतल्या बाजूचे तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवरचे हायड्रोजन सरकले का, ते पाहावे लागते. वस्तुमान वर्णपट लागतो. महाविद्यालयातल्या मुलाचा नमुना अशा उपकरणापर्यंत जाईपर्यंत कधीकधी त्याचे वर्ष संपते.

म्हणून पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इथून आलेल्या संशोधकांना माझी हात जोडून विनंती आहे. पोस्टर सत्राला प्रत्येकाने यावे. धुळे, शिरपूर, अमळनेर, शहादा, नंदुरबार, चोपडा इथली मुले-मुली आपले काम घेऊन उभी असतील. त्यांच्या इंग्रजीकडे पाहू नका, त्यांचे आलेख पाहा आणि त्यांना मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत प्रश्न विचारा. ज्याचे काम पटेल, त्याला आपल्या प्रयोगशाळेचा पत्ता, उपकरणाची तारीख आणि नमुना कसा पाठवायचा हे लिहून द्या, आणि मगच धुळे सोडा.