जुन्या मोटारीचे चोरीपासून संरक्षण



चोर किमती वस्तूवर आधी हात टाकतो, असा सर्वसाधारण समज आहे. मोटारींच्या बाबतीत तो फारसा खरा ठरत नाही. मोटारचोर किमतीइतकीच सोयही पाहतो. कोणती गाडी लवकर उघडते, कोणती आवाज न करता सुरू होते आणि कोणत्या गाडीचे सुटे भाग सहज खपतात, एवढा त्याचा हिशेब असतो. या हिशेबात दारी उभी असलेली पंधरा-वीस वर्षांची साधी मोटार पुष्कळदा पहिली येते. तिच्या मालकास मात्र वाटत असते, की एवढी जुनी गाडी कोण नेणार!

या विषयावर परदेशांत जो अनुभव जमा झाला आहे, तो लक्षात घेण्याजोगा आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीने स्टिअरिंग अडकवून ठेवणारे कुलूप सर्व मोटारींना सक्तीचे केले. नवी गाडी असो वा जुनी, कोणासही सूट नव्हती. मोटारचोऱ्या लक्षणीय प्रमाणात घटल्या आणि ती घट टिकली. ब्रिटनने हेच कुलूप १९७१ पासून आणले, परंतु केवळ नव्या मोटारींना. परिणाम असा झाला, की नव्या मोटारी सुरक्षित झाल्या आणि चोरांचा मोर्चा कुलूप नसलेल्या जुन्या मोटारींकडे वळला. ब्रिटनच्या गृह खात्याने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्राइम ॲज ऑपॉर्च्युनिटी’ या अभ्यासात ही गोष्ट आकड्यांनिशी मांडलेली आहे. शेजाऱ्याने दाराला नवे कुलूप लावले म्हणजे आपले दार आपोआप अधिक उघडे पडते, असाच त्याचा अर्थ होतो.

पुढे १९९० नंतर इमोबिलायझर नावाचे साधन आले. किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते व कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली घातली की चिपेतील संकेत गाडीतील संगणक ताडून पाहतो. संकेत जुळला नाही तर इंजिन सुरू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन बंधनकारक झाले. अमेरिकेत तशी देशव्यापी सक्ती झाली नाही, आणि त्याचे फळ तेथील नागरिकांना अलीकडेच भोगावे लागले. २०११ ते २०२१ या काळातील ह्युंदाई व किआ या कंपन्यांच्या अनेक साध्या मोटारींत इमोबिलायझर नव्हता. ही उणीव समाजमाध्यमांतून सर्वतोमुखी झाल्यावर त्या मोटारींच्या चोऱ्यांचा तेथे सुकाळ झाला. कंपन्यांनी उपाय म्हणून काय वाटले? संगणकातील दुरुस्तीबरोबरच स्टिअरिंगला अडकवावयाचा लोखंडी दांडा! अनेक शहरांच्या पोलिसांनी तो मालकांना फुकट दिला. एवढ्या प्रगत देशातही अखेर लोखंडाकडेच वळावे लागले.

आपल्याकडे इमोबिलायझर रुळू लागला तो २००० नंतरच्या दशकात. त्याआधीच्या मोटारी अजूनही पुष्कळ धावत आहेत. मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. ॲम्बॅसेडरचे उत्पादनही २०१४ सालीच थांबले. फियाट या नावानेच ओळखली जाणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून २०२३ साली निवृत्त झाली, तरी खाजगी मालकांनी जिवापाड जपलेल्या गाड्या अद्याप आहेत. तालुक्याच्या गावी जीप आणि व्हॅन शेतमाल, शाळेची मुले, आजारी माणसे वाहून नेतात. निवृत्त शिक्षकाने पैपै साठवून घेतलेली जुनी गाडी चोरीस गेली, तर तिच्या बदल्यात दुसरी उभी करणे त्याला सहसा जमत नाही. बाजारभावाने ती पन्नास हजारांची असेल. परंतु रात्री-अपरात्री दवाखाना गाठून देणारे तेच एक वाहन असते.

चोरलेली जुनी गाडी बहुधा त्याच रूपात पुन्हा रस्त्यावर येत नाही. ती उघडली जाते. इंजिन, गिअरपेटी, दारे, चाके, बॅटरी वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि सांगाडा भंगारात. दुसरा प्रकार अधिक कपटाचा असतो. अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाडीचे कागद व सांगाड्यावरील क्रमांक विकत घेऊन तो क्रमांक त्याच बनावटीच्या चोरीच्या गाडीवर चढविला जातो. म्हणून आपली निकामी गाडी कागदपत्रांसह रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला देऊन टाकणे हा नुसता निष्काळजीपणा नव्हे. त्या कागदांवर उद्या दुसऱ्या कोणाची गाडी फिरू शकते. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोटार निष्कासन केंद्रे सुरू झाली आहेत. गाडी मोडण्यापूर्वी ती चोरीची तर नाही ना, हे पडताळणे त्यांच्यावर बंधनकारक असून मालकाला ठेव प्रमाणपत्रही मिळते. गावाच्या वेशीवरील भंगाराच्या दुकानांकडे पंचायत सदस्यांनी या दृष्टीने लक्ष ठेवणे योग्य होईल.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळावे. जुन्या मोटारीच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीच्या खाचा त्या पट्ट्यांना एका रेषेत आणतात आणि कुलूप फिरते. वर्षानुवर्षांच्या वापराने पट्ट्या झिजतात, किल्लीही झिजते. जिची किल्ली फिरत्या गाडीतून अलगद बाहेर काढता येते, अशी गाडी कोणत्याही झिजलेल्या किल्लीने उघडेल, असे समजावे. जुनी गाडी विकत घेताना इंजिनाचा आवाज सर्वजण ऐकतात. किल्ल्या किती व कोणाकडे आहेत, हे क्वचितच कोणी विचारतो. आधीचा मालक, त्याचा चालक, गॅरेज, धुलाईकेंद्र अशा किती हातांतून किल्ली गेली असेल आणि तिच्या किती प्रती निघाल्या असतील, याचा अंदाज करता येत नाही. तेव्हा गाडी नावावर होताच दारांची व इग्निशनची कुलपे जोडीने बदलून घ्यावीत. खर्च फार येत नाही आणि एवढा गुण येणारा दुसरा उपाय विरळा. फियाट व ॲम्बॅसेडर या गाड्यांच्या पुढील दारास लहान त्रिकोणी काच असते. तिची कडी ढिली असेल तर ती आधी बदलावी. नवे कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही.

दार उघडले तरी गाडी हलू नये, ही दुसरी फळी. स्टिअरिंगला लावावयाचा दांडा, क्लच व ब्रेकची पेडले जखडणारे कुलूप आणि गिअरची दांडी अडकविणारे कुलूप असे तीन प्रकार बाजारात मिळतात. गिअरचे कुलूप गाडीच्या तळपट्टीला पक्के बसविलेले असावे. दांड्याचा मोठा गुण असा, की तो बाहेरून दिसतो. चोराला वेळ नको असतो, आवाज नको असतो. दांडा दिसला की तो पुढच्या गाडीकडे सरकतो. घरी विसरलेला दांडा मात्र कोणाच्याच उपयोगाचा नाही. गजराविषयी फारसा भरवसा बाळगू नये. मांजर उडी मारून गेले तरी तो वाजतो, आणि चौथ्या रात्रीनंतर शेजारीही कूस बदलून झोपतात.

तिसरी फळी विजेची व इंधनाची. येथे पेट्रोल व डिझेल यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुष्कळ मालक या ठिकाणी फसतात. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडे जाणारी वीज एका लपविलेल्या बटणाने तोडता येते. किल्ली फिरविली तरी इंजिन धडधडून थांबते. इंधन-पंप विजेवर चालणारा असेल तर त्याच्या मार्गात बटण घालतात. जुन्या डिझेल इंजिनाला मात्र ठिणगी लागतच नाही. यांत्रिक पंपाची जीप ढकलून सुरू झाली, की विजेवाचूनही चालत राहते. तिच्यासाठी इंधनाच्या नळीवरच बंद करता येणारा कॉक हवा आणि जोडीला बॅटरी तोडणारी कळ. ही कामे जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावीत. योग्य जाडीची तार व फ्यूज नसेल, तर चोर येण्यापूर्वीच गाडी पेट घेईल. बटणाची जागा कुटुंबाबाहेर कोणास सांगू नये. गाडी दुरुस्तीस देताना त्याची आठवण विशेष ठेवावी.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर आणखी जुना उपाय आहे. पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधील रोटर काढून घरात ठेवावा. मुठीत मावणारा हा भाग नसेल तर ठिणगी पडतच नाही. १९४० साली आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनने उभ्या मोटारी निकामी करून ठेवण्याची सक्ती केली, तेव्हा हाच मार्ग तेथे प्रचलित झाला होता. उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारे छोटे यंत्रही आता परवडते. ते उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू संपविते, म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन चालविणे बरे. टोल नाक्यावरील फास्टॅगचाही असा एक आनुषंगिक उपयोग आहे. गाडी नाक्यावरून गेली की नोंदलेल्या मोबाइलवर पैसे वळते झाल्याचा संदेश येतो. मात्र तो मोबाइल आधीच्या मालकाचा राहिलेला नसावा.

नोंदणीपट्टीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदविलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नोंदणीपट्टी बसविणे महाराष्ट्रात आवश्यक करण्यात आले आहे. ॲल्युमिनियमच्या या पट्टीवर अशोकचक्राचे होलोग्राम व लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या खिळकुलपाने जखडलेली असते. काढू गेल्यास मोडते. पट्टी बदलून चोरीची गाडी दुसऱ्या क्रमांकाने फिरविणे त्यामुळे अवघड होते. या पट्टीकडे नुसता सरकारी भुर्दंड म्हणून पाहणारे मालक आपलाच तोटा करून घेतात. याखेरीज सर्व काचांवर नोंदणी क्रमांक बारीक अक्षरांत कोरून घ्यावा. सहा काचा बदलण्याचा खर्च आला, की चोरीच्या गाडीतील नफा आटतो.

कागदांची बाजू अनेकदा अधिक दुबळी असते. जुनी गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असते आणि नोंदणीपुस्तकात नाव पहिल्याच मालकाचे असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतरण कळवावयाचे असते. ज्याचे नाव नोंदणीत तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. मूळ कागद गाडीच्या कप्प्यात ठेवण्याची चाल आता तरी सोडावी. डिजीलॉकरमधील प्रती तपासणीत ग्राह्य असल्यामुळे तिची गरज उरलेली नाही; चोराच्या हाती गाडीबरोबर तिचे कागदही देण्यासारखे ते आहे.

विम्याविषयी गैरसमज सर्वत्र आढळतो. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्षाचा विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमित किंमत कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावयाची असते, म्हणून हप्ता वाचविण्यासाठी ती अवास्तव कमी लिहू देऊ नये. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसविल्यास हप्त्यात थोडी सूट मिळू शकते. दोन्ही मूळ किल्ल्या जपाव्यात. दाव्याच्या वेळी कंपनी त्या मागते.

गाडी गेल्याचे लक्षात येताच प्रथम पोलीस. हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदविता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस कलम ३०३ नुसार तीन वर्षांपर्यंत, तर प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीस कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास आहे. तक्रारीत इंजिन व सांगाड्याचा क्रमांक, काचांवरील कोरीव खूण, एखादा पोचा किंवा रंगातील फरक नमूद करावा. त्यासाठी गाडीची छायाचित्रे व सांगाड्याच्या क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा घरात असावा. विमा कंपनीस व परिवहन कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे. पोलिसांत तत्काळ तक्रार झाली असेल, तर कंपनीस कळविण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. तरीही त्याच्या भरवशावर उशीर करू नये. तपासात गाडी सापडली नाही, तर पोलीस ‘अ’ समरी पाठवितात आणि न्यायालयाने ती मंजूर केल्यावर दाव्याचा मार्ग मोकळा होतो.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. नवी गाडी तेथे वर्षभर तग धरते, जुन्या गाडीचा पत्रा एका पावसाळ्यात सडतो. वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून योग्य जामिनावर मालकास परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात २००२ साली सांगितले आहे. त्यासाठी मालकाने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि अर्जासोबत स्वतःच्या नावाचे नोंदणीपुस्तक जोडावे लागते. दाव्याची रक्कम आधीच मिळालेली असेल, तर सापडलेल्या गाडीवर सामान्यतः विमा कंपनीचा हक्क राहतो, आणि तेव्हा अर्जही तिनेच करावयाचा असतो.