गावाच्या नावात स्टेशन कुठून आलं?

बायांनो, आपण 'लासूर स्टेशन' पटकन म्हणून जातो. पण मूळ लासूर शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे रेल्वे सुरू झाली, मग रुळांजवळ ही पेठ वाढली. एवढं पुस्तकात सापडतं. १९७२ च्या दुष्काळात खडी कुणी फोडली, त्या बायांची नावं मात्र सापडत नाहीत. त्या आता सत्तरी-ऐंशीत आहेत, किती दिवस थांबायचं? पुढच्या बैठकीला सासूबाईंना, आजीला सोबत आणा. मजुरी किती मिळायची, सुकडी कशी लागायची, लेकरू कुठं निजवायच्या, शिवनेचं पाणी कधी आटलं, सगळं विचारा. नावासकट गटाच्या वहीत लिहा. सही येत नसेल तर अंगठा घ्या. वही सचिवताईंकडे राहील.