पोरांच्या आधी वेळापत्रकाला शिकवा



जानेवारी उजाडला की चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात. तरुण कामगार आणि टेम्पोचालक हॉलमध्ये बसवले जातात. अपघाताची चित्रफीत, शपथ, चहा-समोसा, फोटो. संध्याकाळी तीच पोरं हेल्मेट कोपरात अडकवून गेटबाहेर पडतात आणि आपण म्हणतो, ‘आजकालची पिढीच बेफिकीर!’

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे दोनतृतीयांश १८ ते ४५ या कमावत्या वयातली. तेव्हा कार्यशाळा हवीच. फक्त ती हॉलमधून उचलून पार्किंगमध्ये न्या.

तिथं खडूनं रेघ मारा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर ब्रेकशिवायच सरले. पुढं कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक मीटर लागतात. वेग ३० असेल तर सगळी बेरीज अठरा मीटरच्या आत. हे अंतर पोरांनाच टेप धरून मोजू द्या. भाषणात ऐकून विसरलेला आकडा पायांनी चालल्यावर लक्षात राहतो.

मग एक ट्रक इंजिन बंद करून उभा करा. एकाला चालकाच्या जागी बसवा आणि त्याच्या मित्रांना मोटारसायकली घेऊन क्लीनर-साइडला, बंपरसमोर आणि पाठीमागे उभं करा. वरचा आरशांत शोधतो, मान वाकडी करतो आणि शेवटी ओरडतो, ‘अरे, आहेस कुठं?’ मित्र डाव्या दरवाज्याला चिकटून उभा असतो! ट्रकच्या डावीकडून गाडी का घुसवू नये, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण या वर्गात एक माणूस हमखास नसतो, तो म्हणजे सुपरवायझर. पाळीला पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापणारा तोच, आणि चालत्या गाडीवर ‘कुठं पोचलास?’ म्हणून फोन करणाराही तोच. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ सालीच कायद्यानं दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. ‘एवढी एक फेरी मार’ या चार शब्दांत त्या दोन्ही उडतात.

हे झालं कामावरचं. घर ते कारखाना हा रस्ता आमच्या हद्दीत येत नाही, असं मालक म्हणत आले. आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली मोटारसायकलवरून पहाटेच्या पाळीला निघाला आणि वाटेत अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली ती जुलै २०२५ मध्ये. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल, तर ती वाटही नोकरीचाच भाग, असा त्या निकालाचा अर्थ.

म्हणून व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. पुढचा फलक रंगवण्याआधी एकदा टेम्पोत चालकाशेजारी बसून पूर्ण फेरी करा. गाडी भरणं, टोल, कोंडी, जेवण यांची वेळ वहीत लिहा. ती बेरीज तुमच्या वेळापत्रकात बसत नसेल, तर आधी वेळापत्रक बदला. शपथ मग घेऊ.